पात्याच्या रेषेबाहेर

शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार असतो. त्या दिवशी रस्त्यावर टेम्पोंची रांग लागते आणि आमच्याकडची माणसं शक्यतो मोटरसायकल घेऊन बाहेर पडत नाहीत. पण आमच्या ह्यांना नेवाशाहून स्क्रू आणि सरस आणायचा होता. परत येताना पुढच्या टेम्पोतून एका कालवडीनं रस्त्यावर उडी मारली. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीसकट आडवे झाले.

मला फोन आला तो अनोळखी माणसाचा. "वहिनी, घाबरू नका, पण दवाखान्यात या," असं म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? मी हातातला पॉलिशपेपर तसाच मुठीत धरून रिक्षात बसले. दवाखान्यात पोचले तर हे बाकावर बसून डॉक्टरांनाच विचारत होते, "त्या कालवडीला काही लागलं का?" मला तिथंच रडू आलं. डोकं शाबूत होतं, पाय शाबूत होते. गळ्याजवळचं हाड तेवढं मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागणार नाही, पट्टा बांधायचा आणि उजवा हात अजिबात उचलायचा नाही. घरी येताना वाटेत मी मनातल्या मनात देवाचे किती आभार मानले असतील, ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र शेडमध्ये रचून ठेवलेल्या फळ्यांकडे लक्ष गेलं.

आमचं सुतारकामाचं दुकान म्हणजे घराला लागून उभी केलेली पत्र्याची शेड. दारं, खिडक्या, देव्हारे असं काम चालायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच वेगळं काम आलं होतं, मधमाश्यांच्या पेट्यांचं. शेजारच्या गावातल्या काही बायकांनी मिळून कांद्याचं बियाणं धरलं होतं. कांद्याला गोंडे फुटले की त्यावर मधमाश्या हव्यातच, नाहीतर फूल दिसतं आणि दाणा भरत नाही. त्यांनी एका मधपाळाशी बोलणं केलं होतं. त्याच्याकडे माश्या होत्या, पण पेट्या कमी पडत होत्या. गोंडे फुलायच्या आत पेट्या हव्या होत्या, आणि फूल काही आमच्या हाडासाठी थांबणार नव्हतं.

त्या बायकांची पुढारी ह्यांना बघायला आली. बरोबर डाळिंबं आणली होती. बिचारी सरळ म्हणाली, "भाऊ, तुमी जिवाला जपा. आमी दुसरीकडं बघतो. राग न्हाई हं आमचा."

हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "थांबा ताई. मी करते."

हे वळायला गेले आणि दुखऱ्या हाडातून कळ गेली. "तू? आणि मशीन?"

तोच खरा प्रश्न होता. लग्न होऊन आल्यापासून शेडमधलं सगळं काम मी केलं होतं. घासणं, सरस लावणं, खिळे मारणं, पॉलिश. फक्त त्या मशीनला मी कधी हात लावला नव्हता. मशीन म्हणजे टेबलाची करवत. लोखंडी टेबल, खाली मोटार, टेबलाच्या मधोमध एक फट आणि त्या फटीतून वर आलेलं गोल पातं. ते सुरू झालं की भांड्यांच्या मांडणीतले पेले किणकिणायचे. आणि माझ्या सासऱ्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. ती कशी गेली हे घरात कुणी बोलत नसे. पण मशीनचा आवाज सुरू झाला की माझी नजर आधी त्या हाताकडे जायची.

संध्याकाळपर्यंत ह्यांनी होय म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "एका अटीवर. पात्यावरचं झाकण बसवायचं. त्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"तुम्ही कुठं बसवता झाकण?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी ते झाकण बघितलंसुद्धा नव्हतं.

"माझं सोड."

"का सोडू? माझी बोटं बोटं, आणि तुमची काय ढलप्या?"

सासरे ओसरीवर जेवत होते. त्यांनी ताटातून मान वर केली.

सकाळी मी माळ्यावर चढले. जुन्या खिडक्यांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेलं ते झाकण सापडलं, त्याच्याबरोबर चंद्रकोरीसारखी वाकलेली एक लोखंडी पट्टीही. हे म्हणाले, मशीन आलं तेव्हाच ते काढून ठेवलं होतं, लाकूड नीट दिसत नाही म्हणून. मी ते खाली आणलं आणि गंज घासत बसले. थोड्या वेळानं सासरे उठले, पाना घेतला आणि टेबलाखाली वाकले.

"मामा, ती पट्टी कशाला असते?" मी विचारलं.

"पाचर हाय ती," ते म्हणाले. "पूर्वी आमी दोघं मिळून मोठ्या करवतीनं ओंडका चिरायचो. चीर पुढं गेली का लाकूड आवळून येतं, करवत धरून ठेवतं. मग त्या चिरंत पाचर ठोकायची. तसंच हे. पात्याच्या मागं हुबी ऱ्हाती. चिरलेलं लाकूड मिटत न्हाई. मिटलं का पातं त्याला धरतं आन फेकतं."

"कुठं फेकतं?"

"तुझ्याकडं," सासरे म्हणाले, आणि नट आवळू लागले.

पट्टी पात्याच्या अगदी मागे, एका रेषेत बसली. वर पारदर्शक झाकण आलं. प्रत्येक नट आवळल्यावर ते हलवून बघत होते. एवढं करून ते उठले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मशीन तेच होतं, पण त्याच्या तोंडावर आता काहीतरी होतं.

मग बटणाची गोष्ट निघाली. बटण होतं भिंतीवर, पात्याच्या पलीकडे. ह्यांचे हात लांब, ते वाकून दाबायचे. मला ते दाबायला पात्यावरून वाकावं लागलं असतं. वायरमनला बोलावलं. त्यानं टेबलाच्या पुढच्या अंगाला लाल बटण बसवून दिलं, हात गुंतलेले असले तरी गुडघ्यानं दाबता येईल असं. वायरमन गेल्यावर हे बराच वेळ त्या बटणाकडे बघत होते. "हे आधीच करायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

शेवटी राहिल्या बांगड्या. हे म्हणाले, मशीनपुढे सैल काही चालणार नाही. साडी नाही, ओढणी नाही, हातमोजेसुद्धा नाहीत, कारण पात्यानं मोज्याचा धागा पकडला तर अख्खा हात ओढला जातो. मी पंजाबी ड्रेसवर ह्यांचा जुना शर्ट घातला, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, मंगळसूत्र शर्टाच्या आत टाकलं, अंबाडा घट्ट बांधला. काचेच्या बांगड्या काढताना मात्र हात अडला. नवरा अंथरुणावर असताना हात मोकळे करायचे, हे मलाच कसंतरी वाटलं. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी बोलून गेले. ती कडाडलीच. "जावई असे पडलेले आन तू बांगड्या उतरवतीस व्हय गं?"

ह्यांनी डाव्या हातानं माझ्याकडून फोन घेतला. "आई, मीच काढायला लावल्यात. बांगड्या पुन्हा भरता येतील. मनगट कुठून आणू?"

मग आई म्हणाली, "बरं. पन कुंकू ठळक लाव म्हनावं तिला." आम्ही दोघंही हसलो. पट्टा बांधल्यापासून हे पहिल्यांदाच हसले होते.

शिकवणी सुरू झाली ती मशीन बंद ठेवून. प्लग काढून ठेवलेला. हे खुर्चीत बसून तोंडानं सांगायचे आणि मी करायची. टेबलाखालचं चाक फिरवलं की पातं वर-खाली होतं. ते लाकडाच्या वर जेमतेम दात दिसतील इतकंच ठेवायचं. टेबलावर पात्याला समांतर एक सरळ लोखंडी पट्टी सरकते, तिला हे गाईड म्हणायचे. गाईड आणि पातं यांच्यामध्ये जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीची फळी निघणार. फळीची सरळ कड गाईडला चिकटवून पुढे लोटायची. हात पात्याजवळ न्यायचाच नाही. त्यासाठी ह्यांनी मला टोकाला खाच असलेली एक काठी करायला लावली, शेवटचं लाकूड तिनंच ढकलायचं.

"आणि उभी कुठं राहणार?" ह्यांनी विचारलं.

मी पात्यासमोर उभी होते.

"डावीकडं सरक. अजून. लाकूड उलटं आलं तर ते सरळ रेषेत येतं. त्या रेषेत तू नसावीस. बाकी काही विसरलीस तरी एवढं विसरू नको."

ते एवढ्या तेवढ्यावरून चिडायचे. "लाकूड वाकडं धरलंस!" "काठी आधी जवळ ठेव, मग बटण!" हात बांधलेला माणूस तोंडानं सगळी कामं करायला बघतो. एकदा मी काठी टेबलावर आपटून घरात निघून गेले. थोड्या वेळानं ते दारात येऊन म्हणाले, "मला भीती वाटते गं. म्हणून ओरडतो." त्यानंतर मला त्यांच्या ओरडण्याचा राग आला नाही.

आमच्या फळ्या होत्या माल भरून येणाऱ्या मोठ्या खोक्यांच्या, स्वस्त आणि हलक्या. पण त्यात खिळे मोडून राहिलेले असतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्रत्येक फळीवरून फिरवायचं, हे काम सासऱ्यांनी स्वतःहून घेतलं. चुंबक कुठं चिकटलं की ते खडूनं खूण करायचे आणि पक्कडीनं खिळा उपटायचे. लाईट गेली की आधी बटण बंद करायचं, हेही त्यांनीच सांगितलं. नाहीतर आपण पात्यापाशी काहीतरी करत असतो, लाईट येते आणि मशीन आपलं आपण सुरू होतं. आमच्याकडे लाईटचा काय भरवसा, त्यामुळे हे बटण बंद करणं दिवसातून कितीदा व्हायचं कोण जाणे.

पहिली फळी चिरली तेव्हा माझे कान बधिर झाले होते. फळी पुढे गेली, मी काठीनं ढकलली, पलीकडे दोन तुकडे वेगळे झाले. बटण बंद केलं. हे ओरडले नाहीत, म्हणून मी मागे बघितलं. ते डाव्या हातानं चिरलेली कड चाचपत होते. "सरळ आहे," ते म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच भुशात बसकण मारली.

दोन दिवसांत हात बसला आणि तेव्हाच मी घाई केली. फळी चिरून झाली, मी बटण दाबलं, मोटारीचा आवाज खाली आला. पात्याशेजारी एक ढलपी अडकली होती. ती उचलायला मी हात पुढे नेला.

"हात माघारी!"

एवढा मोठा आवाज सासऱ्यांचा मी कधी ऐकला नव्हता. माझा हात जागीच थांबला. त्यांनी अर्ध्या बोटांचा हात मशीनकडे केला होता. "बघ. नीट बघ."

मी बघितलं. झाकणाखाली पातं अजून फिरत होतं, शांतपणे, नुसत्या चकचकीत ताटलीसारखं. मग हळूहळू त्याला दात दिसू लागले, आणि ते थांबलं.

सासरे खाली बसले. म्हणाले, "माझं असंच झालं. बटन बंद केलं व्हतं मी. आवाज गेला म्हून मला वाटलं, थांबलं. फिरतं तवा दात दिसत न्हाईत ना त्याचे. ढलपी काढाया हात घातला. पयल्यांदा दुखलंबी न्हाई. तुझ्या सासूनं पदर गुंडाळला, तो भिजला तवा कळलं."

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. "आबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाही हे."

"तू इचारलं न्हाईस. आन मला बोलवत नव्हतं."

त्यानंतर सासरे जरा मोकळे झाले असं मला वाटतं. ढलपी काढायची तर काठीनं, तीही पातं पूर्ण थांबल्यावर, हा नियम त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितला आणि दरवेळी थोडी गोष्टही सांगितली. कधी त्या दवाखान्याची, कधी सासूबाईंची.

पेट्यांच्या भिंती झाल्या. आता राहिल्या आतल्या चौकटी. माश्या पोळं बांधतात ते या चौकटींवर, आणि त्या बारीक पट्ट्यांच्या असतात. बारीक पट्टी चिरणं सगळ्यात अवघड. ह्यांनी मला पट्टी गाईडला दाबून धरायला एक फळीचा तुकडा करायला लावला, बोटं लांब राहावीत म्हणून. काम जपून चाललं होतं.

थंडीचे दिवस होते. सकाळी शेडच्या दारात कोवळं ऊन यायचं, आणि सासरे तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. त्या सकाळी ते माझ्या मागे जरा उजवीकडे, थेट पात्याच्या समोर, दाराशी पत्र्याला पाठ लावून बसले होते. ह्यांचं लक्ष गेलं.

"आबा, तिथून उठा. पात्याच्या रेषेत बसलाय तुम्ही."

"एवढ्या लांब काय येतंय? ऊन हाय हितं."

हे पुन्हा म्हणाले, तरी ते हलेनात. मग मी मशीनपासून दूर झाले. "मामा, तुम्ही उठल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. पेट्या राहू द्या तशाच."

"लई कडक झालीस गं तू," असं पुटपुटत त्यांनी खुर्ची ओढली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन सावलीत बसले. शाल डोक्यावरून घेतली, म्हणजे राग आला होता.

मी मशीन सुरू केलं. काही पट्ट्या नीट निघाल्या. मग एक पट्टी अर्ध्यावर गेली असेल, काठीला वेगळाच हिसका बसला. आवाज बदलला, आणि काहीतरी माझ्या उजव्या कोपराजवळून सूं करून गेलं. मागे पत्र्यावर फाडकन आवाज झाला.

मी गुडघ्यानं बटण दाबलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत मी मान वळवली नाही. मग वळले. पट्टी दाराशेजारच्या पत्र्यात घुसून अडकली होती. जिथं थोड्या वेळापूर्वी सासऱ्यांची छाती होती, बरोबर तिथं.

हे उठून उभे राहिले होते, पांढरेफटक. "तुला लागलं?"

"नाही."

मी स्वतःकडे बघितलं. दोन्ही हात, दहाही बोटं. मग आम्ही दोघांनी एकदमच टाकीकडे बघितलं. सासरे शालीतून तोंड बाहेर काढून पत्र्याकडे बघत होते. हळूहळू उठले, पट्टीपाशी गेले, ती धरून हलवली. निघाली नाही. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो अर्ध्या बोटांचा हात होता. त्या हातानं त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "चल बाई," ते म्हणाले, "आज बास. च्या टाक."

चहा करताना दूध सांडलं. मी चुलीपाशी बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हे शेजारी येऊन बसले, एका हातानं माझी पाठ चोळत. कुणालाच काही झालं नव्हतं. हे मी मनाशी किती वेळा म्हटलं तरी पुरत नव्हतं. सगळे इथं आहेत, चहाची वाट बघत आहेत.

दुसऱ्या दिवशी प्लग काढून आम्ही कारण शोधलं. मशीनच्या थरथरीनं गाईडचा मागचा नट सैल झाला होता. गाईड मागच्या टोकाला पात्याकडे झुकली होती, आणि पट्टी दोघांच्या मध्ये चेमटली. पाचर चिरलेलं लाकूड मिटू देत नाही, पण गाईडच वाकडी झाली तर ती तरी काय करणार? त्या दिवसापासून सकाळी पुढून आणि मागून, दोन्हीकडचं अंतर मोजल्याशिवाय आम्ही मशीन सुरू केलं नाही. पत्र्यातली पट्टी सासऱ्यांनी हातोडीनं ठोकून काढली. मी त्या दिवशी आधी नुसत्या जाड फळ्या चिरल्या, धीर परत येईपर्यंत. मग पुन्हा पट्ट्या घेतल्या.

पेट्या वेळेत झाल्या. त्याच आठवड्यात ह्यांचा एक्सरे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, हाड छान सांधलंय. ह्यांनी दवाखान्यातच हात वर करून बघितला, अर्धाच गेला, पण गेला. घरी आल्यावर ते थेट शेडमध्ये गेले. मी मागून गेले. ते झाकणावर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, आता काढतील. पण त्यांनी फक्त त्यावरचा भुसा फुंकला. "दिसतं की यातून," म्हणाले.

पेट्या टेम्पोत भरून त्या बायकांच्या शेतावर गेल्या, त्या दिवशी आम्ही तिघंही बरोबर गेलो. कांद्याचं रान पांढऱ्या गोंड्यांनी भरून गेलं होतं. मधपाळानं माश्या पेट्यांत सोडल्या. पुन्हा काही दिवसांनी त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. त्यानं एका पेटीचं झाकण उचललं, धूर दिला आणि एक चौकट वर ओढली. ती कुठंही न अडकता, न घासता सरळ वर आली. दोन्ही बाजूंनी माश्या बसलेल्या आणि मधोमध नवं, पिवळसर पोळं.

"पट्ट्या कुणी चिरल्यात?" त्यानं विचारलं. "एकसारख्या हायेत."

"आमच्या घरातून," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

पुढारी ताई हसल्या. बांधावर बाभळीच्या सावलीत त्यांनी भाकरी, पिठलं आणि कांदा मांडला होता. सासरे माश्यांपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि तिथूनच ओरडले, "मला हिकडंच वाढा!" मी त्यांचं ताट घेऊन निघाले. गोंड्यांवर माश्यांचा एकसारखा गुणगुणाट चालला होता, ऊन छान होतं, आणि मला सपाटून भूक लागली होती.